डाउनलोडची पोचपावती

हल्ली कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये भाजीवाली मोबाइलवर घेते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. लोकांना त्याचं कौतुक वाटतं. मला राग येतो. तिच्यावर नाही, तिचं भलं होवो. मला राग येतो तो दीडशे रुपये घ्यायला मला एके काळी दोन वर्षं जी नाकं घासायला लावली त्याचा, कारण त्या भानगडीत माझे वडील माझ्या घरातून उठून गेले.

आम्ही मूळचे लातूरकडचे. अण्णा पेंटर होते, पाट्या रंगवणारे. किराणा दुकान, सलून, रसवंती, वकिलाचं ऑफिस, ट्रकची मागची बाजू, भिंतीवरची सूचना, काय म्हणाल ते. आमच्या गावात बाजारपेठेतून चालत गेलं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अण्णांचंच अक्षर. मग फ्लेक्स आलं. तासाभरात छापून मिळतं, फोटोसकट. दोन वर्षांत अण्णांचे ब्रश डब्यात वाळून गेले. त्यातच आई गेली.

लग्नानंतर मी पुण्याजवळ माण गावात राहत होते. नवऱ्याला हिंजवडीत एका कंपनीच्या इमारतीची देखभाल बघायची नोकरी, आणि मी एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचे. मला भाऊ नाही, बहीण नाही. अण्णांना म्हटलं, चला माझ्याकडे. ते म्हणाले, "लेकीच्या घरी बापानं दोन दिवस राहावं बाई. तिसऱ्या दिवशी घास घशात अडकतो."

आमच्याकडे ही रीतच. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. मी किती डोकं आपटलं तरी अण्णा हलेनात. शेवटी मी युक्ती काढली. म्हटलं, पाहुणे म्हणून नका येऊ, कामाला या. तुमच्या अक्षराचा मी फॉन्ट करते. तुम्ही अक्षरं काढून द्या, मी कॉम्प्युटरवर चढवते, छापखानेवाल्यांना इंटरनेटवरून विकू. तुमच्या अक्षराचे पैसे तुम्हाला, त्यातून तुम्ही तुमच्या जेवणाचे द्या.

यावर ते आले. आल्या आल्या स्वयंपाकघरातला बिस्किटांचा रिकामा डबा मागून घेतला आणि म्हणाले, दर एक तारखेला यात सहाशे रुपये टाकीन. साठवलेले थोडे होते त्यांच्याकडे. ते वर्षभर पुरतील, असा त्यांचा अंदाज होता. "तेवढ्यात अक्षर विकलं तर राहतो. न्हाई विकलं तर माझं घर हाय तिकडं," असं स्वच्छ सांगून टाकलं. तिकडे कोण होतं? एक पत्र्याची खोली आणि मोतीबिंदू झालेला डावा डोळा.

जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर अण्णा अक्षरं काढायचे आणि मी छापखान्यातून आल्यावर ती स्कॅन करून एकेक अक्षर सारखं करत बसायचे. मराठी अक्षरं म्हणजे छत्तीस नव्हेत, जोडाक्षरं धरली की दमछाक होते. सात महिने गेले. पण अक्षर असं उतरलं की छापखान्याचा मालक, जो कधी कुणाला बरं म्हणत नाही, तो म्हणाला, "हे लग्नपत्रिकेवर शोभेल."

एका ओळखीच्याकडून वेबसाइट करून घेतली. किंमत दीडशे रुपये. आणि फोन यायला लागले. सांगलीचा छापखाना, जळगावचा, अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या बाई. सगळ्यांचा एकच प्रश्न, पैसे कसे पाठवू?

इथून पुढे घोडं पेंड खायला लागलं. मनीऑर्डर करा म्हटलं तर माणूस हो म्हणायचा आणि गायब व्हायचा. डिमांड ड्राफ्ट काढायचा तर दीडशे रुपयांसाठी कोण बँकेत अर्धा दिवस उभा राहणार? अमेरिकेच्या बाई म्हणाल्या, कार्डाने देते, बटण कुठंय? बटणच नव्हतं. माझ्याकडे माल होता, गिऱ्हाईक होतं, गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे होते, आणि मध्ये नुसती भिंत.

ते बटण आणायला मी पुण्यात एका बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी आधी मला खुर्ची दिली. मग विचारलं, वर्षाची उलाढाल किती? मी खरं ते सांगितलं. त्यांनी समोरची फाइल मिटली. सुरुवातीचे पंचवीस हजार, दरवर्षीचे वेगळे, शिवाय अनामत. म्हटलं, साहेब, पंचवीस हजार असते तर मी दीडशेचा फॉन्ट कशाला विकला असता? ते हसले. मला हसू आलं नाही. आणखी दोन ठिकाणी गेले, तिथंही तेच. धंदा लहान असेल तर पैसे घ्यायची सोय मिळणार नाही, आणि पैसे घ्यायची सोय नसेल तर धंदा मोठा होणार नाही. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा एसटीत उभं करून लातूरपर्यंत न्यायला हवं होतं.

आणि हे सगळं कुठं, तर माणमध्ये. आमच्या खिडकीतून काचेच्या इमारती दिसायच्या. आमच्याच वरच्या खोलीत नागपूरकडचे एक इंजिनियर राहायचे, ते रोज तिथं जाऊन परदेशातल्या बँकेचं कार्डाने पैसे घ्यायचं सॉफ्टवेअर लिहायचे. हेच बटण. मी त्यांना विचारलं, भाऊ, आपल्यासाठी एक करून द्या की. ते बिचारे ओशाळले. म्हणाले, "ताई, करता येतं मला, पण मागे बँक लागते. आमची बँक लंडनला आहे." म्हणजे आमच्या घरमालकिणीच्या भाताच्या शेतावर उठलेल्या इमारतीत बसून साऱ्या जगाच्या पैशाची वाट करून द्यायची, आणि त्याच शेतापासून चार पावलांवरच्या बाईला दीडशे रुपये घेता येऊ नयेत. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

तोवर डब्यात अण्णांचे साठवलेले पैसे पडत होते. दहावा महिना लागला.

शेवटी एक कंपनी सापडली. नवीनच निघाली होती. सुरुवातीचे पैसे नाहीत, वर्षाचे नाहीत, विक्री झाली तर त्यातला थोडा वाटा. मला देव भेटल्यासारखं झालं. मग देवाने फॉर्म पाठवला. दुकानाचा परवाना हवा, त्यासाठी दोनदा तालुक्याला, पौडला खेटे. चालू खातं हवं. धंद्याच्या जागेचा फोटो हवा. मी खोलीचा फोटो पाठवला, तर तो नामंजूर, कारण दारात घरमालकीण मावशींच्या दोन शेळ्या बसल्या होत्या. मावशींची सगळी जमीन आयटी पार्कात गेली होती, आठ खोल्या बांधून भाडं घ्यायच्या, पण शेळ्या सोडल्या नव्हत्या. फोटो नामंजूर झाल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "शेळ्या हायेत म्हून धंदा न्हाई व्हय? त्यांच्या ऑफिसात कुत्री बसत्यात दारात, त्यांचं चालतंय." दुसरा फोटो काढताना शेळ्या त्यांनी स्वतः धरून ठेवल्या.

खातं उघडलं. पहिल्या आठवड्यात अकरा विक्र्या झाल्या. अण्णा रोज विचारायचे, "किती झाल्या गं?" आणि मी आकडा सांगितला की चष्मा पुसायचे. पण पैसे काही येईनात. मी कंपनीत फोन लावला. तिकडे एक हिंदी बोलणारा माणूस.

"मॅडम, डिलिव्हरी प्रूफ अपलोड नहीं किया आपने. कुरिअर या रजिस्ट्री की रसीद चाहिए, कस्टमर के साइन के साथ."

मी सांगितलं, भाऊ, हा फॉन्ट आहे. गिऱ्हाइकाने पैसे भरले की तो कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. काहीच पाठवायचं नसतं.

"कुछ तो भेजते होंगे ना मॅडम? बिना प्रूफ के पेमेंट रिलीज नहीं होगा."

पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. हवेची पोच कुठून आणू? मी फोन ठेवला आणि ओट्यावरची पातेली अशी घासली की मावशी बघायला आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं मग धाड की कायतरी पोस्टानं. त्येला सहीचा कागद पायजे ना? पाकिटात काय हाय ते कोन बघतंय?"

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, तिथंच चुकलं. पण त्या वेळी मला हा सरळ मार्ग वाटला. आमच्यासारखी माणसं अशीच. साहेबाने वेडंवाकडं मागितलं तरी नाही म्हणत नाहीत, कुठून तरी आणून देतात. रिकामं पाकीट पाठवणं मात्र अण्णांना पटलं नाही. ते म्हणाले, "पैसे देणाऱ्याला रिकामं पाकीट? शोभतंय का ते?" त्यांनी जाड कार्डशीट आणायला लावली, ब्रश भिजत घातले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव कार्डावर रंगवून द्यायला सुरुवात केली. छापखान्याचं असेल तर छापखान्याचं नाव, माणसाचं असेल तर माणसाचं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांची सही, पाटीवर करायचे तशीच.

माणच्या पोस्टातून ते कार्ड रजिस्टरने जायचं. पंधरा दिवसांनी पोचपावती परत यायची, तिच्यावर गिऱ्हाइकाची सही. मी ती स्कॅन करून कंपनीला पाठवायची, मग पैसे सुटायचे. निम्मे पैसे पोस्टाच्या घशात. पण अण्णांचं काय सांगू. सकाळी आंघोळ करून आठला कामाला बसायचे. वर्षानुवर्षं वाळलेला माणूस पुन्हा पेंटर झाला. पोचपावत्या आल्या की दुकानात बिलं ओवतात तशा तारेत ओवायचे, आणि ओवण्याआधी भिंग धरून सही बघायचे. "हा माणूस घाईचा दिसतो." "या बाईचं वळण बघ, शाळेत चांगलं शिकवलंय." ज्या माणसाने आयुष्यभर पाटी टांगून दिली की गिऱ्हाइकाचं तोंडही पुन्हा पाहिलं नाही, त्याला सांगली-जळगावहून सह्या येत होत्या. लोकांनी कळवलं की नावाचं कार्ड फ्रेम करून लावलंय. काहींनी तर कार्डासाठी दुसऱ्यांदा फॉन्ट घेतला.

सहा महिने असे गेले. एक तारीख आली की अण्णा डबा उघडायचे, सहाशे टाकायचे, झाकण दाबून लावायचे आणि मग जेवायला बसायचे. मागून भाजी घ्यायचे. आधी कधी मागत नसत.

सातव्या महिन्यात इंग्रजीतून मेल आला. तुमचा माल डाउनलोडचा आहे, आमच्या नियमात तो बसत नाही. तुम्ही पाठवलेल्या पोचपावत्या विकलेल्या मालाच्या नाहीत. सबब तुमचं खातं तपासणीसाठी थांबवलं आहे. आतले सगळे पैसे अडकले.

मी फोन लावला. बहुतेक तोच माणूस होता.

"मॅडम, आपका प्रॉडक्ट तो डाउनलोड होता है ना? तो फिर ये रजिस्ट्री किस चीज की है?"

मी म्हटलं, तुम्हीच मागितली होती. तुम्हीच म्हणालात, काहीतरी पाठवत असाल ना.

"ऐसा हमारे यहाँ से कोई नहीं बोलेगा मॅडम. ये तो फ्रॉड में आता है."

फ्रॉड. माझ्या बापाने डाव्या डोळ्याने दिसत नसताना उजव्याने रंगवलेली कार्डं, त्यांना फ्रॉड. मी त्या माणसाला मराठीतून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याला कळलं नसेल, पण मावशींना अंगणात कळलं. त्या म्हणाल्या, "बास झालं गं, शेळ्या बुजल्या."

अण्णांना सांगायचं मला धाडस झालं नाही. सांगितलं असतं तर त्याच रात्रीची गाडी धरली असती. मी वेबसाइटवरचं बटण काढलं आणि घरात खोटं बोलले. विक्री चालूच आहे, असं अण्णांना सांगितलं. रोज कागदावर दोन-तीन नावं लिहून द्यायची, मनाने रचलेली. अण्णा ती रंगवायचे. मी ती कार्डं पिशवीत घालून पोस्टात निघाले असं दाखवायची आणि छापखान्यातल्या कपाटात नेऊन ठेवायची. माझ्या पगारातले पैसे अण्णांच्या हातात द्यायची, फॉन्टचे म्हणून. ते त्यातले सहाशे डब्यात टाकायचे. असे चार महिने.

पोचपावत्यांचं मी विसरले. खरंच विसरले. अण्णा विचारायचे, पावत्या येईनात का गं? मी म्हणायची, पोस्टाचा घोळ आहे. एक दिवस ते काठी घेऊन स्वतः पोस्टात गेले. तिथल्या मास्तरांनी सांगितलं, आजोबा, तुमच्या घरची रजिस्टरं कधीच बंद झाली.

मी छापखान्यातून आले तेव्हा त्यांची पिशवी भरून तयार होती. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "तुझेच पैसे मला दिलेस, आणि माझ्याच हातानं तुझ्या डब्यात टाकायला लावलेस." मी रडले, भांडले, कंपनीची सगळी कथा सांगितली. ते म्हणाले, कंपनीनं फसवलं ते समजतं. तू नको होतं फसवायला. नवऱ्याने समजावलं, मावशींनी समजावलं. सकाळच्या गाडीने गेले.

मला विचाराल तर राग सगळ्यांचा आला. कंपनीचा आला, बँकेतल्या त्या फाइल मिटणाऱ्या साहेबांचा आला, स्वतःचा आला. पण सगळ्यात जास्त अण्णांचा आला. हे मी त्या वेळी कुणाला बोलले नाही.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी कंपनीचा मेल आला. तपासणी पूर्ण झाली, रक्कम तुमच्या खात्यात जमा केली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. एवढंच. चूक कुणाची होती, फ्रॉड कुणी केला होता, एक अक्षर नाही. मी पैसे काढले आणि अण्णांना शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला, पैसे आले, परत या. ते म्हणाले, दिवाळीला येतो.

आले. मी पैसे हातात ठेवले. अण्णांनी मोजले, त्यातले चोवीसशे वेगळे काढले, मी भरलेल्या चार महिन्यांचे, आणि डब्यात टाकले. "आता फिटलं," म्हणाले. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. मी पानं घेतली. पोळ्या, मेथीची भाजी, भात. अण्णा पानावर बसले, पिशवीतून फडकं काढलं आणि सोडलं. आत दोन ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आई गेल्यावर स्वतः थापायला शिकले होते. वेड्यावाकड्या, एका बाजूने करपलेल्या.

"दोन दिवस राहीन," म्हणाले. "माझं मी आणलंय."

माझं डोकं फिरलं. दोन वर्षांचं सगळं त्या फडक्यावर येऊन साचलं. मी म्हटलं, "अण्णा, मुलगा असता तर त्याच्या घरी भाकरी बांधून गेला असतात का? त्याच्याकडे डबा मागितला असतात का? ती कंपनी माझ्याकडे पावती मागते, तुम्हीही मागा. मी काय सगळ्यांना पुरावेच देत बसू?"

मी त्यांच्या पुढ्यातलं फडकं ओढलं आणि त्यातली भाकरी मोडून खायला लागले. चटणीला हातही लावला नाही. कोरडी भाकरी घशात अडकत होती, पण एक संपवली, मग दुसरी संपवली. रिकामं फडकं झटकलं आणि त्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"तुमच्या दोन भाकरी मी खाल्ल्या," म्हटलं. "आता माझ्या दोन पोळ्या तुम्ही खा. जागच्या जागी फिटलं. पोस्ट नको, बँक नको."

अण्णांनी ताट जवळ ओढलं. मग पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. "मीठ कमी पडलंय बाई," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज आला. उठून गेले तर अण्णा परातीपुढे बसलेले, तवा तापलेला, मावशींकडून ज्वारीचं पीठ मागून आणलेलं. ताटात दोन भाकरी झाकून ठेवल्या होत्या. माझ्यासाठी. स्वतःसाठी त्यांनी एकही थापली नव्हती.